ताणावरची बाग

१८ नोव्हेंबर १९५८, मंगळवार

पडेगावच्या बागेत राहायला येऊन आज बरोबर महिना झाला. ही वही मी जोंधळ्याच्या डब्यात, दाण्यांच्या खाली ठेवणार आहे. शेजारच्या पुंजारामची बायको सरूबाई रोज दूध घेऊन येते आणि बोलता बोलता सगळ्या घरावरून नजर फिरवते. तिला वाचता येत नाही. निदान ती तसं सांगते.

हे श्रावणात गेले. गुलमंडीवरचं भाड्याचं घर सोडलं. आता मोसंबीची शहाण्णव झाडं, एक विहीर आणि ह्या दोन खोल्या एवढंच माझं म्हणायचं. बाग ह्यांचा जीव होता. मी वर्षातून दोनदा डबा घेऊन यायची आणि ऊन उतरायच्या आत परत जायची. मला झाडांतलं कळतं ते कुंड्यांपुरतं. मोगरा, जास्वंद, तुळस. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं की ती खूश आणि आपणही खूश.

ह्यांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब उस्मानपुऱ्यात राहतात. तेराव्याच्या दिवशीच ते म्हणाले, "वहिनी, बाग सांभाळणं बाईमाणसाचं काम नाही. तरी होळीपर्यंत बघा. बहार धरला तर खुशाल राहा. नाही धरला तर बाग विकू, आणि तुम्ही आमच्याकडं या." मी हो म्हणून बसले. भाऊजी भला माणूस आहे, येताना गूळ आणतो. पण त्यांच्या घरी राहायचं म्हणजे चहाचं आधणसुद्धा विचारून ठेवायचं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला इथंच राहायचं आहे.

आणि आज माळ्यानं काय सांगावं? "उद्यापासनं पाणी बंद, बाईसाहेब. बाग ताणावर सोडायची."

माळी म्हणजे गयास. बारा वर्षं तो ह्यांच्याकडे आहे. बोलतो इतकं कमी की शब्द उसने आणावे लागत असतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाच दिवस झाले, पाटात थेंब नाही. विहीर चांगली भरलेली आहे, मी स्वतः वाकून पाहिली. मग पाणी कशासाठी वाचवतोय हा? कुणासाठी?

दहा वर्षांपूर्वी निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत ह्यांनी गयासची बायको नजमा आणि दोन लेकरं गुलमंडीच्या घरात एकोणीस दिवस ठेवून घेतली होती. भाकरी मीच थापत होते. आज मनात आलं, त्याला ते आठवत असेल का? आठवत असेल तर मग इतका तुटक का वागतो? भाऊजींचं म्हणणं, ज्याच्यावर उपकार झालेत तो एक तर फार गोड बोलतो, नाहीतर मनात काही धरून असतो. गयास गोड तर बोलत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज त्याला पकडलंच. एका झाडाच्या बुंध्याभोवती उकरून मुळ्या उघड्या टाकत होता. बारीक मुळ्या तर कुदळीनं तुटल्याही होत्या.

"हे काय चाललंय?"

"मुळ्यांला ऊन दाखवतो, बाईसाहेब."

"झाडं मरतील की!"

तो उठून उभा राहिला, हात झटकले. "मरत नाय. पोट भरल्यालं झाड निस्ता पाला काढतंय. त्याला जरा भूक लागू द्या. आता आपलं काय खरं नाय असं त्याला वाटलं की मंग ते फुलावर येतंय. दीड महिना दम धरा."

उपाशी ठेवून कुणी फुलतं का? माझा मोगरा दोन दिवस पाण्यावाचून राहिला की मान टाकायचा. तुटलेल्या मुळ्या मी गुपचूप उचलल्या आणि कागदात बांधून ठेवल्या. भाऊजी आले की दाखवीन.

७ डिसेंबर, रविवार

भाऊजी आले. मुळ्या दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या. मी विचारलं, "झाडं अशी उपाशी ठेवतात का हो? तुम्ही तर लहानपणापासून शेतात वाढलात."

"छे! वडिलांची पेरूची बाग होती आमची, पण असला प्रकार कधी ऐकला नाही. वहिनी, त्या गयासवर लक्ष ठेवा."

जीव भांड्यात पडला. म्हणजे माझा संशय खुळा नव्हता. घरात एक तरी आपलं माणूस आहे.

पुंजारामलाही विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही. त्याचं शेत बागेला लागून आहे. बाग वाळली तर विहिरीवर पहिला डोळा त्याचाच जाणार. शिवाय सरूबाईचं दूध दिवसेंदिवस निळसर होत चाललंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज मी एक गोष्ट केली.

पानं द्रोणासारखी वळली आहेत. खाली सडा पडतोय. सकाळी झाडून काढावा आणि दुपारी पुन्हा तेवढाच. गयास दर शुक्रवारी नमाजाला शहरातल्या मोठ्या मशिदीत जातो, तीन तास तरी येत नाही. तो सायकलवरून वळणाआड गेला तशी मी पदर खोचला. विहिरीजवळच्या पाच झाडांना प्रत्येकी दोन घागरी पाणी घातलं. ओतलं तेव्हा मातीनं चर्र आवाज केला आणि मला रडूच आलं. वर कोरडी माती पसरून टाकली.

स्वतःच्याच झाडांना चोरून पाणी घालायची वेळ आली. कंबर मोडली आहे, पण आज झोप लागेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा घातलं. ती पाच आणि आणखी सहा. अकरा झाडांच्या पुढे माझी ताकद जात नाही. उरलेल्या पंच्याऐंशींकडे बघवत नाही, मी मान फिरवूनच परत येते.

कुणी पाहिलेलं नाही. फक्त पुंजाराम त्याच्या जोंधळ्यातल्या मचाणावर, त्या उंच माळ्यावर, चढून गोफणीनं पाखरं हाकत होता. पण तो लांब होता आणि त्याची नजर आभाळाकडे होती.

२४ डिसेंबर, बुधवार

माझ्या अकरा झाडांना पालवी फुटली! पोपटी, कोवळी, लुसलुशीत. बाकीची झाडं खराट्यासारखी उभी. आता कोण खरं आणि कोण खोटं ते सांगायला पंच नको.

दुपारी भाऊजी एका पाहुण्याला घेऊन आले. म्हणाले, यांना निसर्गाची आवड आहे. पाहुण्यांना बाग फारच आवडलेली दिसली. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालले आणि विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज ऐकला. शहरातल्या लोकांना कशाचंही अप्रूप. मी त्यांना पोहे केले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पदर खोचून तयार होते, तर गयास नमाजाला गेलाच नाही. बांधावर चटई टाकून इथंच नमाज पढला. बारा वर्षांत जुम्म्याचा नमाज न चुकवणारा माणूस आजच कसा राहिला? नक्की काहीतरी शिजतंय. दिवसभर तो विहिरीपाशी बसून होता, पहाऱ्याला बसावं तसा.

संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. "बाईसाहेब, कुणीतरी चोरून पाणी घालतंय. अकरा झाडं. ताण मोडलाय त्यांचा. ती आता फुलायची नाय."

मी पीठ मळत होते. हात थांबले. "कोण घालेल?" असं म्हणाले, आणि आवाज माझा मलाच परका वाटला.

"बहार बुडावा असं ज्याला वाटतं तो."

माझ्याकडेच बघत होता की मागच्या भिंतीकडे, ते कळलं नाही.

४ जानेवारी १९५९, रविवार

सकाळी बांधावर आरडाओरडा. गयासनं पुंजारामला धरलं होतं. "माळ्यावर तूच असतो दिवसभर. बागेत उतरणारा दुसरा कोण? मागं पाटाच्या पाण्यावरनं तूच भांडला हुता." गावातली सात-आठ माणसं गोळा झाली. पुंजाराम काही बोलेना. लोक म्हणाले, बोल की, शपथ घे. तो म्हणाला, "मी घातलं नाय. बास. ह्याच्या म्होरं मला काय बोलायचं नाय."

लोकांनी माना डोलावल्या. खरा असता तर बोलला असता, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी दाराआड उभी होते. दोन पावलं टाकून बाहेर यायचं होतं, एवढंच. नाही आले. का यावं? गयास झाडं मारतोय, मी जगवतेय. गुन्हेगार मी कशी? आणि पुंजारामच्या मनात काही नव्हतं तर तो असा गप्प का बसला? गप्प बसणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच.

हे सगळं मी लिहिलं खरं, पण आज जेवण गेलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

सरूबाई दूध घालायची बंद झाली. बिनदुधाचा चहा घेते. दूध बरं होतं तसं तिचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

गयासनं मुळ्या झाकल्या, शेणखत घातलं आणि पाटाला पाणी सोडलं. आधी हलकंच, झाडाला जरा ओल लागेल एवढं. आठवडाभरानं पुन्हा देणार म्हणे, थोडं जास्त. दोन महिने उपाशी ठेवून आता हा लाडीगोडी करतोय. पाटातून पाणी धावताना ह्यांची फार आठवण आली. हे असते तर मी कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच नव्हता.

३१ जानेवारी, शनिवार

माझी अकरा झाडं हिरवीगार. बाकीच्या काड्यांवर पानं फुटताहेत ती जेमतेम, आणि पानांच्या बगलेत बारीक पांढरट ठिपके आलेत, मोहरीएवढे. कीड असणार. गयासला विचारलं नाही. तो म्हणणार, दम धरा.

१ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल लावला.

भाऊजी आले, तेव्हा त्यांना ती किडीची फांदी दाखवली. फांदी बघून ते एकदम गप्पच झाले. मग म्हणाले, "वहिनी, होळीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. ही कीड सगळ्या बागेत पसरेल. ते पाहुणे बाग घ्यायला तयार आहेत. पुढच्या रविवारी कागद करून आणतो. आणि ह्या माणसाला आजच्या आज काढा."

मला वाईट वाटलं, पण पुरावा डोळ्यांसमोर होता. पाणी घातलेली झाडं हिरवी, न घातलेली किडकी. मी गयासला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

मला वाटलं होतं तो भांडेल, निदान ह्यांचं नाव काढेल. त्यानं फक्त विचारलं, "आप्पासाहेबांनी सांगितलं?" मी मान हलवली. "बरं. दर आठ दिसाला पाणी सोडा, लई नाय. फुल हाय तवर कुदळ लावू नका. फवारणी तर नकोच." एवढं बोलून सायकल हातानं ढकलत गेला. चढून बसला नाही, फाटकापर्यंत दोन्ही बाजूंची झाडं बघत चालत गेला.

कसलं फूल? जाता जाता मला खिजवून गेला.

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

पहाटे दार उघडलं आणि वासानं दारातच उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी अत्तर सांडलं. उजाडलं तसं दिसलं. पंच्याऐंशी झाडं पांढरीशुभ्र. ती कीड नव्हती. त्या कळ्या होत्या. काडी काडी फुलांनी भरली होती आणि मधमाश्यांचा एकच गजर चालला होता.

माझ्या अकरा झाडांवर फूल नव्हतं. शोधून शोधून चार सापडली. नुसता पाला.

गयासनं सांगितलं होतं तेच, शब्दन्‌ शब्द.

मी तशीच निघाले. त्याचं घर गावात, मशिदीमागे. नजमानं पाट टाकला, पाणी दिलं. गयास अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसला होता. दौलताबादच्या बाजूला एका बागेत काम मिळालंय म्हणे. मी उभ्यानंच सांगितलं, "पाणी मी घातलं होतं."

त्यानं वर पाहिलं. "तुम्ही?" त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. "मला वाटलं आप्पासाहेबांनी पुंजारामला फितवलंय."

"भाऊजी म्हणाले, ताण वगैरे असं काही नसतंच."

गयास हसला, पण हसणं काही गोड नव्हतं. "मोठ्या साहेबांला ताण द्यायचा कुणी शिकवला? आप्पासाहेबांनीच. त्यांच्या वडलांच्या पेरूच्या बागेत ते सोता द्यायचे, मोठे साहेब तवा शहरात शिकायला हुते."

ते गप्प का झाले होते फांदी बघून, ते मला तिथं, त्या अंगणात कळलं. पाहुण्यांनी पावलं कशासाठी मोजली तेही. आणि मी पोहे केले!

"कामावर परत ये," मी म्हणाले. "चुकले मी."

"माझं ऱ्हाऊ द्या. मी पुंजारामला चारचौघांत चोर म्हटलं. महिना झाला, तो मान खाली घालून जातो. आधी त्याचं बघा. मंग मी येतो."

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच पुंजारामच्या खळ्यावर गेले. तो कडबा रचत होता. सरूबाईनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, पण ऐनवेळी एकच वाक्य आलं. "पुंजाराम, पाणी मी घातलं होतं."

त्याचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय."

"काय?"

"माळ्यावरनं सगळं दिसतंय की, वैनी. तीन घागरी झाल्या की तुम्ही कंबर धरून बसायच्या."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? लोक तुला..."

"काय बोलायचं?" त्यानं पेंढी खाली ठेवली. "मालक जाऊन चार-पाच महिने झाल्याले. बाई चोरून पाणी घालती आन गयासपास्नं लपवती, असं चारचौघांत म्हटलं असतं तर आप्पासाहेब दुसऱ्या दिशी आले असते. वैनीचं डोकं ठिकाणावर नाय, म्हणले असते. तुमची बाग गेली असती." मग पेंढी पुन्हा उचलत म्हणाला, "मला काय, दोन महिने लोक बोलतेल आन इसरतेल."

ज्याच्या दुधावर, ज्याच्या नजरेवर, ज्याच्या गप्प बसण्यावर मी संशय घेतला, तो माझ्यासाठी चोर म्हणवून घेत राहिला. मी तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. सरूबाई आली आणि माझ्याशेजारी बसली.

दहाच्या सुमाराला भाऊजी आले. सोबत ते पाहुणे, हातात कागद. फाटकातून आत आले आणि फुलांकडे बघत उभे राहिले. बांधावर पुंजाराम, सरूबाई आणि पाच-सहा गावकरी उभे होते. मीच बोलावून घेतले होते. गयास त्यांच्या मागे, सायकल धरून.

"वा, बहार बरा धरलाय," भाऊजी म्हणाले. चेहरा सावरायला त्यांना वेळ लागला नाही. "पण ही विहिरीजवळची झाडं बघा. फूलच नाही. मी म्हणत होतो ना? गयासनंच मारली, नाहीतर त्या शेजाऱ्यानं."

"ती मी मारली," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "धीर नव्हता मला. शुक्रवारी गयास नमाजाला गेला की चोरून पाणी घालत होते. पुंजारामवर आळ आला तेव्हा दाराआड उभी राहून ऐकत होते. त्याचा काही दोष नाही."

भाऊजींनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बघा. हे असं आहे. वहिनींची मनःस्थिती सध्या..."

पुंजाराम म्हणाला होता तेच, जसंच्या तसं. मला वाटलं होतं हे ऐकून मला चीड येईल. नाही आली. इतकी शांत मी श्रावणापासून नव्हते. "भाऊजी," मी म्हणाले, "मनःस्थितीचं राहू द्या. होळीपर्यंत बहार धरला तर मी इथं राहायचं, हा तुमचा शब्द. बहार समोर आहे. आणि ताण काय असतो ते तुम्ही ह्यांना शिकवलंत, मला मात्र सांगितलं नाहीत. ते का, हे मी विचारत नाही. चहा घेऊन जा."

चहा न घेताच गेले.

गयासनं सायकल भिंतीला टेकवली. माझ्याकडे आला नाही, आधी पुंजारामकडे गेला. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला गेलेही नाही. नंतर गयास माझ्या अकरा झाडांमधून हिंडत राहिला, एकेका फांदीचा शेंडा वाकवून बघत. मी मागोमाग गेले.

"मेली का रे ही?"

"मरायला काय झालं? धडधाकट हायेत. ह्या साली फळ नाय एवढंच."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली परत ताण द्यायचा." त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तवा तुम्हाला दिसंल पानं गळताना. आन तुम्ही घागर उचलायची नाय."

"आणि नाहीच राहवलं तर?"

"तर मला हाक मारा. दोघं बसून बघू."